स्वतःच्या जबाबदारीवर

एक वाक्य आपण लहानपणापासून बघत आलोय, पण थांबून वाचलंय असं फार कमी वेळा झालं असेल. 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत.' 'मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर ठेवाव्यात.' धबधब्याच्या वाटेवर, गडाच्या पायथ्याशी, तरणतलावाच्या भिंतीवर, मंगल कार्यालयात चपलांच्या ढिगाशेजारी ही पाटी असते. तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: काही झालं तर आमच्याकडे येऊ नका. पाटी लावणाऱ्याला एवढंच म्हणायचं असतं. पण तिच्या पलीकडे पाऊल टाकणाऱ्यानं नकळत एक बरीच मोठी गोष्ट कबूल केलेली असते. समोर काय आहे ते मला कळलंय, आणि ते मी पत्करते आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी हेच वाक्य इंग्रजीत, बारीक अक्षरात, अनेक परिच्छेदांत पसरलेलं वाचलं आणि खाली सही केली. जागा होती अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं लव्हलँड स्की एरिया. कारण होतं स्नोकॅट. त्यात बसून डोंगराच्या माथ्यावरच्या कड्याकडे जायचं आणि तिथून स्की करत खाली यायचं. मी हे आधी कधीच केलं नव्हतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न नव्हता, सुट्टीचा दिवस होता. तरी सही करताना एक शंका मनात आली आणि ती अजून गेलेली नाही. जी गोष्ट मी कधी केलेलीच नाही, तिचा धोका मी 'जाणूनबुजून' कसा काय पत्करू शकते? आणि पत्करू शकत नसेन, तर मग ती सही कशाची?

स्नोकॅट म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझा प्रश्न त्या यंत्राशी बांधलेला आहे. बर्फावर चालणारी ही गाडी. चाकांच्या जागी रणगाड्यासारखे पट्टे, पण खूप रुंद. त्यामुळे काही टन वजनाची ही गाडी बर्फावर आपल्या बुटापेक्षा कमी दाब टाकते आणि जिथं माणूस कमरेपर्यंत रुततो तिथं वरच्यावर चालत जाते. १९५७-५८ मध्ये व्हिव्हियन फुक्स यांच्या मोहिमेनं अंटार्क्टिका खंड जमिनीवरून पहिल्यांदा पार केला, तो ओरेगनमध्ये बनलेल्या टकर कंपनीच्या स्नोकॅट वापरून. बर्फातल्या खोल भेगेवर अधांतरी लटकलेल्या नारिंगी स्नोकॅटचे त्या मोहिमेतले फोटो प्रसिद्ध आहेत. आज स्की रिसॉर्टमध्ये हीच यंत्रं रात्रभर उतार सपाट करत फिरतात. काही ठिकाणी मात्र त्यांच्या पाठीवर माणसं बसवायची केबिन असते, आणि लिफ्ट जिथं संपते त्याच्या पुढे ती माणसांना नेते. बऱ्याच ठिकाणी एका दिवसाच्या अशा सफरीला शेकडो डॉलर पडतात. लव्हलँडला लिफ्टचं तिकीट असेल तर ही फेरी फुकट असते. फक्त एक कार्ड घ्यावं लागतं, आणि कार्डासाठी सही.

जागाही विलक्षण आहे. डेन्व्हरहून पश्चिमेला गाडीनं साधारण तासभर. डोंगराच्या पोटातून आयझेनहॉवर बोगदा जातो. त्याची पहिली नळी १९७३ मध्ये सुरू झाली. वर आपण बर्फात, आणि खाली ट्रक, बस, सोमवारी ऑफिस गाठायचं असलेली माणसं. नऊ नंबरची लिफ्ट १२,७०० फुटांवर, म्हणजे सुमारे ३,८७० मीटरवर सोडते. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर आणखी थोडं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट टक्के. बूट घट्ट करायला वाकलं तरी धाप लागते. ही धार म्हणजे खंडाचा पाणलोट. एका बाजूचं पाणी कोलोरॅडो नदीच्या दिशेनं पॅसिफिककडे, दुसऱ्या बाजूचं मिसिसिपीला मिळून अटलांटिककडे. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, हे शाळेत पाठ केलेल्या माणसाला अशा जागी उभं राहिलं की उगीचच घरी आल्यासारखं वाटतं.

मी मूळची नाशिकची. कॉलेजात असताना अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर इतक्या वेळा केले की आई म्हणायची, तिकडेच सून म्हणून जा. डेन्व्हरला नोकरीसाठी आले आणि एकोणतिसाव्या वर्षी स्की शिकले. गेल्या वर्षी माझा पाचवा हिवाळा होता. अमेरिकेत उतारांना खुणा असतात. हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे फक्त मुरलेल्यांसाठी. मी एका काळ्या हिऱ्यापर्यंत पोचले होते. स्नोकॅट नेते तो भाग दोन हिऱ्यांचा.

आता त्या सहीबद्दल. कोलोरॅडोत १९७९ पासून स्की सुरक्षेचा कायदा आहे. त्यातला गाभ्याचा विचार असा की स्कीइंगमध्ये काही धोके अंगभूतच असतात. बदलतं हवामान, बर्फाची स्थिती, खडक, झाडं, दुसऱ्यावर आदळणं, स्वतःच्या कुवतीबाहेर जाणं. यातून इजा झाली तर रिसॉर्टवर दावा करता येत नाही. २०१२ मध्ये विंटर पार्क या रिसॉर्टच्या हद्दीत हिमस्खलनात एकाचा मृत्यू झाला. रिसॉर्टच्या आतलं हिमस्खलन हासुद्धा अंगभूत धोकाच का, हा प्रश्न राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१६ मध्ये उत्तर आलं: हो. मग मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं दुसरी बाजूही आखून दिली. ते प्रकरण लिफ्टवरून पडलेल्या एका मुलीचं होतं. कायद्यानं घालून दिलेलं सुरक्षेचं कर्तव्यच रिसॉर्टनं मोडलं असा आरोप असेल, तर आधी घेतलेल्या सहीच्या आड लपता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. थोडक्यात, डोंगराचे दोष माझ्या खात्यावर, यंत्राची हयगय त्यांच्या खात्यावर. कायदा म्हणून हे मला समजतं. प्रत्येक घसरण्याची भरपाई मागायला लागलो तर कुणी डोंगर उघडा ठेवणार नाही.

पण न्यायालय पैशांचा हिशेब करतं. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

जॉन स्टुअर्ट मिल या विचारवंतानं १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'मध्ये एका पुलाचं उदाहरण दिलंय. आगरकरांच्या पिढीनं मिल मन लावून वाचला होता, तेव्हा तो आपल्याला अगदीच परका नाही. एक माणूस पुलावर पाय ठेवतोय. पूल मोडका आहे हे त्याला माहीत नाही, आणि सांगायला वेळ नाही. त्याला धरून मागे ओढलं तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला येत नाही, कारण त्याला काही नदीत पडायचं नव्हतं. पण पूल पडेलच असं नाही, नुसता धोका आहे, अशी स्थिती असेल तर? मग त्याला सावध करा आणि बाजूला व्हा. पत्करायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. मिल याला एक अपवाद ठेवतो. तो माणूस लहान मूल नसावा, भ्रमात नसावा, आणि विचारशक्ती नीट चालू नये इतका उत्तेजित किंवा गुंगलेला नसावा.

मला हा अपवाद वाचून हसू आलं. रात्रभर फूटभर भुसभुशीत बर्फ पडलेला असताना सकाळी लिफ्टच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना मिलनं पाहिलं असतं, तर सगळ्यांनाच पुलावरून मागे ओढलं असतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. एल. ए. पॉल या तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ च्या 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स' या पुस्तकात असं मांडलंय की काही अनुभव घेतल्याशिवाय ते कसे आहेत हे कळूच शकत नाही. त्यांचं एक उदाहरण ड्युरियन या फळाचं आहे, आपल्या फणसासारखं काटेरी आणि दर्पाबद्दल बदनाम. कितीही वर्णन ऐका, खाल्ल्याशिवाय चव कळत नाही. फळाचं ठीक आहे, एक घास थुंकून टाकता येतो. पण मूल होऊ देणं, देश सोडणं, असे निर्णय घेताना आपण ज्या आयुष्याला होकार देतो ते आयुष्य आपल्याला माहीतच नसतं. पहिल्या वेळेचा होकार हा नेहमीच थोडा अंधारातला होकार असतो.

हे मला एका वेगळ्या सहीमुळे आधीच कळलेलं होतं. काही वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी सुट्टीवर नाशिकलाच होते. रात्री दोनच्या सुमारास हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अँजिओप्लास्टीच्या संमतीपत्रावर बाबांची सही झाली, आणि खाली नातेवाईक म्हणून माझी. डॉक्टर भले होते. पॅडच्या पाठीमागे त्यांनी हृदयाचं चित्र काढून कुठली नळी बंद आहे ते दाखवलं आणि म्हणाले, "विचारा, काय विचारायचंय ते." माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता. प्रश्न विचारायलासुद्धा थोडं काहीतरी माहीत असावं लागतं. बाबा बरे झाले, आता रोज सकाळी चालायला जातात. पण तो कागद आठवला की वाटतं, मी त्यावर 'समजलं' म्हणून सही केली नव्हती. 'तुमच्यावर सोपवलं' म्हणून केली होती. कागदावर मात्र तो शब्द नव्हता.

लव्हलँडची सही याच्या अगदी उलट टोकाची. तिथं निकड होती, इथं हौस. तिथं नाही म्हणायची सोय नव्हती, इथं केव्हाही म्हणता आलं असतं. तरी सही करणारी मी दोन्हीकडे सारखीच होते. काही कळत नसलेली, आणि ज्यांना कळतं त्यांच्यावर विसंबलेली.

मग हरिहर चढताना असं का वाटलं नव्हतं? तिथंही पहिली वेळ कधीतरी होतीच. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या, हात रुतवायला खोदलेल्या खोबण्या, पाठीमागे दरी. घसरलो तर संपलं, हे तिथंही खरं होतं. पण फरक मला स्नोकॅटमध्ये बसल्यावर कळला. हरिहरच्या पायथ्याशी कुणी माथ्याला होकार देत नाही. आपण पहिल्या पठाराला होकार देतो. तिथं पोचेपर्यंत पोटऱ्या काय म्हणतायत ते कळतं. मग पहिल्या पायरीला, मग दुसरीला. कातळ ओला आहे का, पुढच्याचा पाय कुठं अडखळला, वारा कुठून येतोय, आपला श्वास कसा चाललाय, हे सगळं चढता चढता अंगात उतरत जातं. प्रत्येक ट्रेकमध्ये अर्ध्यावरून परतणारे एक-दोघं असतात, आणि कुणी त्यांना हसत नाही. चढण म्हणजे हप्त्याहप्त्यानं दिलेली संमती. प्रत्येक हप्त्याला थोडी माहिती हातात येते, आणि पुढचा हप्ता न भरायची मुभा असते.

बर्फातही असे लोक आहेत. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवून ते तासन् तास पायी वर चढतात. चढताना बर्फाचा थर पायाखाली दबून 'वुम्फ' असा आवाज करतो का, स्कीपासून तडा पळत जातो का, हे त्यांना कळत असतं. मध्येच खड्डा खणून ते थर तपासतात. माथ्यावर पोचतात तेव्हा त्या उताराशी त्यांची चांगली ओळख झालेली असते. मी माथ्यावर पोचले ती उबदार केबिनमध्ये बसून, काही मिनिटांत. स्नोकॅटनं माझे फक्त कष्ट वाचवले नाहीत. वाटेत विचारले गेले असते असे शंभर छोटे प्रश्नही तिनं वगळले, आणि त्या सगळ्यांचं उत्तर आधीच, खाली, एका सहीत घेऊन ठेवलं.

हे फक्त बर्फातलं नाही. फोनवर एखादं अ‍ॅप टाकताना 'मी सहमत आहे'वर टिक करतो, तेव्हा हेच होतं. दोन मिनिटांत मंजूर होणारं कर्ज घेतो, तेव्हाही. जे जे आपल्याला झटकन वर नेऊन सोडतं, ते आपली संमती एका क्षणात गोळा करतं. चढणीची सोय काढून टाकली की चढणीचं शिक्षणही जातं.

आता त्या केबिनमध्ये या. समोरासमोर बाकडी, गुडघ्याला गुडघे, मांड्यांमध्ये उभ्या धरलेल्या स्की. माझ्यासोबत एक मैत्रीण होती, मूळची साताऱ्याची, माझ्यापेक्षा बरी स्की करणारी. समोर सत्तरीचे एक आजोबा. जॅकेटचे कोपर टेपनं चिकटवलेले. त्यांच्या शेजारी निळ्या जॅकेटमधला विशीतला मुलगा. त्याचं हेल्मेट कोरं होतं आणि तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाकी तीन-चार जण खूप मोठ्यानं बोलत होते.

बाहेर दिसत होतं ते सगळं कुणीतरी आधीच बघून ठेवलेलं होतं. हिमस्खलन बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतं, आणि आम्ही जिथं जात होतो ते उतार त्याच पट्ट्यातले. पश्चिमेचा वारा धारेवरून बर्फ उचलतो आणि पूर्वेच्या अंगाला थापतो. तिथं थर साचतात, कडेला बर्फाचे सज्जे लटकतात. म्हणून अशा रिसॉर्टमध्ये स्की-पट्रोलचे लोक उजाडायच्या आत निघतात, सैल थरांवर स्फोटकं टाकून ते मुद्दाम पाडतात, मग स्वतः त्यावर स्की घालून बघतात, आणि त्यानंतरच दोरी काढून दार उघडतात. दाराशी मी पोचते तेव्हा माझ्या आधी कितीतरी पावलं तिथं टाकली गेलेली असतात. 'स्वतःच्या' जबाबदारीवर मी जाते म्हणते, पण त्यात ड्रायव्हरबाईंचे हात आहेत, पहाटे स्फोटकं घेऊन गेलेल्यांचे आहेत, खाली स्ट्रेचर तयार ठेवून बसलेल्यांचे आहेत. काही झालंच तर मला शोधायला त्याच उतारावर त्यांनाच यावं लागणार. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटं निर्णायक असतात, त्यामुळे त्यांना विचार करत बसायला वेळही नसणार. माझी सही त्यांच्या वतीनंही झालेली असते. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मग या सगळ्यात माझ्या वाट्याला येतं तरी काय? बर्फाचं ज्ञान माझ्याकडे नाही. एक गोष्ट मात्र पट्रोलला कधीच कळू शकत नाही, ती म्हणजे मी. माझा डावा गुडघा, आज सकाळपासून नीट न लागणारा श्वास, माझ्या पोटातली भीती खरी आहे की नुसती नवलाईची. ही माहिती त्या डोंगरावर फक्त माझ्याकडे होती. आणि ती सांगायची जागा कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती.

जागा असली तरी आपण सांगतो का, हा पुढचा प्रश्न. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी वॉशिंग्टन राज्यात, स्टीव्हन्स पास रिसॉर्टच्या हद्दीलगतच्या टनेल क्रीक उतारावर हिमस्खलनात तीन जण गेले. तो गट नवख्यांचा नव्हता. त्यात अत्यंत अनुभवी, त्या डोंगराची नस न् नस माहीत असलेली माणसं होती. न्यूयॉर्क टाइम्सनं त्यावर केलेल्या 'स्नो फॉल' या दीर्घ वृत्तांताला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तो वाचताना सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की त्यातल्या अनेकांच्या मनात पाल चुकचुकली होती. गट फार मोठा झालाय, आज नको, असं आत कुठंतरी वाटत होतं. पण इतके जाणकार सोबत असताना आपण कशाला बोला, असं ज्याला त्याला वाटलं. इयन मॅकॅमन या संशोधकानं १९७२ ते २००३ मधले अमेरिकेतले ७१५ हिमस्खलन अपघात तपासून हेच दाखवलं होतं. ओळखीची जागा, गटात भाव मिळावा ही इच्छा, एकदा ठरवलंय ना मग करूच, बरोबरच्या जाणत्यावरची श्रद्धा, इतर लोकही जातायत, ही संधी परत मिळायची नाही. माणसं या सापळ्यांत सापडतात, आणि हिमस्खलनाचं प्रशिक्षण घेतलेलेही त्याला अपवाद नव्हते.

यातला एकही सापळा मला परका वाटला नाही. 'चार लोक काय म्हणतील' या एका वाक्यात आपण ते सगळे लहानपणीच शिकतो.

स्नोकॅट थांबली. ड्रायव्हरबाईंनी दार उघडलं, आणि वाऱ्यानं आत येऊन सगळ्यांची बडबड एकदम बंद केली. आम्ही कडेला गेलो. मोठ्यानं बोलणाऱ्यांपैकी दोघं सज्ज्यावरून उडी मारून दिसेनासे झाले. मी खाली पाहिलं. पहिले तीस-चाळीस फूट इतके उभे होते की उतार दिसतच नव्हता. थेट खालचं पठार दिसत होतं. भीती वाटली, आणि ती नवलाईची नव्हती.

मी त्या टेपवाल्या आजोबांना विचारलं, "इथून खाली जायची सगळ्यात सोपी वाट कुठली?"

विचारताना लाज वाटेल असं वाटलं होतं. आजोबांनी हातातली काठी उत्तरेकडे केली. म्हणाले, "थोडं मागे ये. तिथं सज्जा संपतो. असा वारा असला की मीही तिथूनच जातो. इथून उडी मारायचं वय होतं तेव्हाही जायचो." मैत्रीण मला म्हणाली, "अगं, तू विचारलंस ते बरं झालं. माझ्या पायांत गोळे आले होते." आणि तेवढ्यात निळ्या जॅकेटवाला मुलगा काही न बोलता आमच्या मागोमाग यायला लागला. तो केव्हापासून त्या प्रश्नाची वाट बघत होता कुणास ठाऊक.

खाली येताना काय वाटलं ते सांगणं मला जमणार नाही, तिथं पॉलबाई बरोबर आहेत. आवाज नसतो. गुडघाभर बर्फ पायाखाली आहे की नाही कळत नाही. एका वळणाला बर्फ उडून तोंडावर येतो आणि क्षणभर सगळं पांढरं होतं, पुढच्या वळणाला आकाश परत येतं. पठारावर थांबले तेव्हा मी मोठ्यानं हसत होते. असं काही आयुष्यात असावं, त्यासाठी थोडा धोका पत्करावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. धोका नको म्हणून घरी बसा, असं या लेखातून कुणी वाचू नये.

मैत्रिणीशी यावर नंतर वाद झाला. तिचं म्हणणं, तू उगाच गुंता करतेस. पहिली वेळ अशीच असते. सगळं कळल्यावरच जायचं ठरवलं तर कुणी सायकलसुद्धा शिकणार नाही. तिचं बरोबर आहे. अंधारातला होकार टाळता येत नाही. पण त्यामुळेच तो एकदाच, एकट्यानं आणि कागदावर उरकून टाकण्यासारखा नसतो. त्याला वाटेत पुन्हा पुन्हा उघडायची सोय लागते. यंत्रानं वगळलेले शंभर प्रश्न परत आणता येत नाहीत, पण कड्यावर एक तरी विचारता येतो. आणि ज्याला विचारलं त्यानं हसू नये, एवढं त्याच्याकडूनही मागता येतं.

'जबाबदारी' या शब्दात 'जबाब' आहे. फारसीतून आलेला हा शब्द. ज्याच्याकडे जबाब आहे तो जबाबदार. पण जबाब द्यायचा तर आधी कुणीतरी सवाल करायला हवा. पाटीवरचं, फॉर्मवरचं वाक्य सवाल करतच नाही. ते जबाब तेवढा वसूल करतं, आणि तोही असा की उद्या दुसऱ्या कुणाला काही विचारता येऊ नये. म्हणून ते वाक्य कायद्यानं कितीही पक्कं असलं तरी मला ते जबाबदारीचं वाक्य वाटत नाही. ते जबाबदारी तिथंच संपवणारं वाक्य आहे.

जबाबदारीचं वाक्य मी ऐकलेलं आहे. नाशिकला आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये पुढे एक जाणता असायचा, सगळ्यात मागे दुसरा, आणि नवीन माणूस कायम मधे. निघायच्या आधी मागचा दादा नवीन आलेल्याजवळ जाऊन हळूच सांगायचा, "कुठंही वाटलं ना, की बास, तर सांग. मी येतो तुझ्यासोबत खाली." कागद नसायचा, सही नसायची. परत फिरणाऱ्याला एकटं फिरावं लागणार नाही, एवढीच त्यात हमी होती. त्या हमीवर मी हरिहरच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले होते.

या हिवाळ्यात मैत्रिणीची मावसबहीण पुण्याहून येणार आहे. तिला स्नोकॅटमधून वर जायचंय. फॉर्म ती भरेलच. दादाचं वाक्य तिला मी सांगणार आहे.